वंशावळीच्या वाटेवर भेटलेले नाते
(चिकोडी येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. गोव्यातील एका नोंदणी कार्यालयात कारकून म्हणून माझी सारी नोकरी गेली. जन्म, विवाह आणि मृत्यू या तीन शब्दांखाली माणसांची नावे लिहावीत, जुन्या नोंदींच्या नकला काढाव्यात आणि त्यांवर शिक्का मारून खिडकीबाहेर द्याव्यात, एवढेच माझे काम. लिसेवच्या वळणात वाढलेल्या घरात लहानाचा मोठा झाल्यामुळे पोर्तुगीज वाचता येत होते, म्हणून जुनी दप्तरे माझ्याच टेबलावर येत. निवृत्तीनंतर पूर्वजांच्या या चिकोडीत येऊन स्थिरावलो, तेव्हा समितीने आपल्या भागातील महाजन कुटुंबांची वंशावळ सिद्ध करण्याचे काम माझ्यावर सोपविले. त्या कामात मला जे सापडले, त्यातील एक गोष्ट आज आपणांस सांगावयाची आहे. ती माझ्या स्वतःच्या घरची आहे. ती फार उशिरा सांगत आहे, हा माझा अपराध आहे, आणि त्याचा खुलासाही ओघाने येईलच.

प्रथम आपण कोठून आलो याचे थोडे स्मरण करू. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि त्याच सुमारास तिसवाडी, साष्टी व बार्देश या महालांतील देवालयांवर संकट कोसळले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास स्थिरावली, लोटलीचा रामनाथ बांदोड्यास आला आणि रायची कामाक्षी शिरोड्यास. देव खाडीपलीकडे गेले. त्यांच्या मागोमाग भक्तांची कुटुंबेही पांगली. काही समुद्रमार्गाने दक्षिणेस गेली, काही राम घाट, चोर्ला घाट, आंबोली घाट चढून देशावर आली. त्यांतीलच काही घरे व्यापाराच्या, कारकुनीच्या आणि पुढे तंबाखूच्या निमित्ताने बेळगाव, निपाणी, चिकोडी या भागात वसली. देव गोव्यात, शेतीवाडी आणि दुकान येथे, अशी आपली दुहेरी वस्ती आहे. वर्षातून एकदा जत्रेला जाऊन देवाला नारळ ठेवावा आणि महाजन म्हणून आपले नाव वहीत आहे याची खात्री करून परत यावे, ही रीत आपल्या आजोबा-पणजोबांनी पाळली.

या स्थलांतरामुळे आपली कागदपत्रे तीन राज्यांत आणि तीन लिप्यांत विखुरली आहेत. येथील जुने खाते-उतारे मोडीत आहेत, नंतरचे कानडीत, आणि गोव्यातील दप्तर पोर्तुगीजांत. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. पुढे १९६७ साली सीमेसंबंधी महाजन आयोगाचा अहवाल आला. त्या न्यायमूर्ती महाजनांचा आपल्या महाजनकीशी काही संबंध नाही, हे येथील तरुण मुलांना मला प्रत्येक वेळी सांगावे लागते! सीमा कोणीकडेही असो, आपल्या सोयरिकी कागल, गडहिंग्लज, आजरा, कोल्हापूर, फोंडे, पणजी अशा सर्वत्र होतच राहिल्या.

वंशावळ शोधताना पहिली अडचण आडनावांची. गोव्याच्या दप्तरात शेणवी हे 'सिनाय' होतात आणि प्रभू हे 'पोरोबो' होतात. त्याच घराण्याची घाट चढून आलेली शाखा गावावरून 'अमुककर' झालेली असते. तिसरी शाखा वतनावरून कुळकर्णी किंवा देशपांडे म्हणवून घेते. म्हणजे एका रक्ताचे तीन भाऊ तीन आडनावांनी जगले आणि चौथ्या पिढीत एकमेकांना अनोळखी झाले. दुसरी अडचण नावांची. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची आपली चाल असल्यामुळे दोन-तीन नावेच आलटून पालटून सर्व शतकभर येत राहतात. एकच नाव दिसले म्हणून माणूस एकच, असे मानणारा वंशावळकार पहिल्याच पायरीवर घसरतो.

तिसरी अडचण मात्र सर्वांत मोठी, आणि ती आपण स्वतः निर्माण केलेली आहे. आपल्या महाजनांच्या यादीत केवळ पुरुषांची नावे आहेत. बापाखाली मुलगे, मुलग्यांखाली नातू. मुलगी कोठेच नाही. जुन्या एका हस्तलिखित वंशावळीत मला एका ठिकाणी 'कन्या तीन' एवढे दोन शब्द सापडले. त्या तिघींची नावे काय, त्या कोणत्या घरी पडल्या, त्यांची मुले कोण, याविषयी एक अक्षर नाही. महाजनकीचा हक्क पुरुषवंशाने चालतो, म्हणून यादी तशी झाली हे मला समजते. परंतु हक्काची यादी आणि नात्याची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिलीलाच दुसरी समजत आलो.

मग स्त्रियांच्या बाजूचा वंश शोधावा कसा? आपल्या पूर्वजांनी त्याचीही सोय करून ठेवली आहे, हे मला फार उशिरा उमगले. ती सोय म्हणजे पितृपक्षाची वही. महालय श्राद्धात केवळ बाप, आजा, पणजा यांनाच पिंड दिला जात नाही. आई, आजी, पणजी. आईचे वडील, आजे, पणजे आणि त्यांच्या स्त्रिया. चुलते, मामा, आत्या, मावश्या, बहिणी, सासरे, गुरू, एवढ्या सगळ्यांचा नामोच्चार गोत्रासह होतो. भटजींसमोर चूक होऊ नये म्हणून प्रत्येक घरी ही नावे एका वहीत लिहून ठेवलेली असतात. महाजनांच्या यादीने जिला गाळले, तिला पक्षाच्या वहीने सांभाळून ठेवले. माझी आपणांस हात जोडून विनंती आहे की, माळ्यावर पडलेली अशी वही कोणी रद्दीत घालू नका. तिच्यात आपल्या पणजीच्या बापाचे नाव असते, आणि ते जगात दुसरीकडे कोठेही नसते. तिच्या जोडीला नाशिक, त्र्यंबकेश्वर, गोकर्ण, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. यात्रेकरू आपल्या हाताने नाव, गाव, सोबत आलेली मुलेबाळे लिहून देत, आणि तेथे कधी कधी मुलींचीही नावे येतात.

आता माझ्या घराकडे वळतो. वंशावळ मांडण्याची एक सोपी रीत आहे. स्टेफान केकुले नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८९८ साली ती प्रसिद्ध केली, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. ज्याची वंशावळ, त्याला क्रमांक १. कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट केली की त्याच्या बापाचा क्रमांक येतो आणि दुपटीत एक मिळविला की आईचा. म्हणजे बाप २, आई ३. बापाचे आईबाप ४ आणि ५, आईचे आईबाप ६ आणि ७. येथे आईच्या बाजूला बापाच्या बाजूइतकीच जागा आपोआप मिळते. कारकुनाला ही रीत फार आवडली. मी एक मोठा कागद घेतला, आमच्या चिरंजीवांना क्रमांक १ दिला आणि खण भरू लागलो. सहाव्या ओळीत ३२ पासून ६३ पर्यंत बत्तीस खण येतात.

आमच्या आजोबांच्या पक्षाच्या वहीतून त्यांच्या आईच्या वडिलांचे नाव मिळाले. ते खण क्रमांक ३४ मध्ये लिहिले. पुढे काही महिन्यांनी सौभाग्यवतींच्या आजोळी गेलो असता तेथील भावंडांनी त्यांच्या आजोबांची वही काढून दिली. तिच्यातून आजोबांच्या आजोबांचे नाव घेऊन मी खण क्रमांक ५६ मध्ये लिहावयास लागलो आणि लेखणी थांबली. दोन्ही नावे एकच होती.

मी आधीच सांगितले की, एका नावावर विश्वास ठेवू नये. म्हणून पुढे पाहिले. त्या गृहस्थांच्या पत्नीचे नाव दोन्ही वह्यांत एकच. त्यांच्या वडिलांचे नाव एकच. गोत्र एकच, गाव एकच. तरीही मन मानेना, म्हणून नाशिकला गेलो. तेथील वहीत हे गृहस्थ सहकुटुंब यात्रेस आल्याची नोंद निघाली, आणि सोबतच्या मुलांत माझ्या पणजीचे माहेरचे नाव आणि तिच्या भावाचे नाव शेजारी शेजारी होते. ती बहीण आमच्या घरात आली. तो भाऊ म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या आईचे आजोबा. माझे आजोबा आणि तिच्या आईचे वडील हे आतेमामे भाऊ. माझे वडील आणि माझ्या सासूबाई ही त्या भावांची मुले. आम्ही नवराबायको त्यापुढच्या पिढीतील भावंडे. बत्तीस खण होते खरे, पण माणसे तीसच निघाली.

चाळीस वर्षांच्या संसारानंतर माणसाला हे कळावे! आमचे लग्न ठरले तेव्हा दोन्ही घरच्या वडीलमंडळींनी पत्रिका पाहिली, गोत्र पाहिले, कुलदैवत पाहिले. गोत्र वेगळे निघाले आणि सर्वांनी साखर खाल्ली. त्यांची चूक नव्हती. गोत्र हे केवळ बाप, बापाचा बाप, त्याचा बाप या एका दोरीवर चालते. वधूवरांच्या पाचव्या पिढीत प्रत्येकी सोळा खण असतात. गोत्र त्यांतील एकाच खणाची चौकशी करते. काही घरी आजोळचे गोत्रही पाहतात, म्हणजे दोन खण झाले. उरलेल्या चौदा खणांतून नाते आले तर गोत्राला त्याचा पत्ताच लागत नाही. आमचे नाते नेमके तेथूनच आले होते.

त्या रात्री मी सौभाग्यवतींना कागद दाखविला. माझा चेहरा पाहून तिला वाटले, कोणीतरी गेल्याचे पत्र आले आहे. मी बोट ठेवून दोन्ही खण दाखविले. तिने चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्या पणजीबाई आमच्याकडच्या होत्या म्हणायच्या. तरीच तुमच्या घरी आमच्यासारखी फणसाची भाजी करतात!" आणि क्षणभर थांबून म्हणाली, "तिचं नाव कुठेच नव्हतं ना? बरं झालं, सापडली." मी शास्त्र आणि कायद्याच्या विचारात बुडालो होतो. तिला मात्र एक हरवलेली बाई सापडल्याचा आनंद झाला होता.

माझे मन इतके सहज शांत झाले नाही. म्हणून शास्त्र काय म्हणते ते पाहू लागलो. याज्ञवल्क्यस्मृतीचा दंडक असा की, आईच्या बाजूने पाचव्या आणि बापाच्या बाजूने सातव्या पिढीच्या पलीकडे सापिंड्य संपते. त्यावरील मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या आपल्याच राज्यातील बसवकल्याण येथे लिहिली. सपिंड म्हणजे एका देहाचे अंश ज्यांच्यात आहेत ते, असा अर्थ तिने केला. स्वतःपासून मोजले तर आमचा तो समान पूर्वज आम्हां दोघांपासूनही पाचवा येतो. माझ्या बाजूने तो सातांच्या आत, तिच्या बाजूने, आईकडून, पाचांच्या आत. अक्षरशः मोजले तर आमचा विवाह सापिंड्याच्या कुंपणाच्या आत पडतो. हे लपवून उपयोग नाही.

परंतु शास्त्राने देशाचारही मानला आहे. दक्षिणेत मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी विवाह करतात, ही गोष्ट बौधायन धर्मसूत्राने नोंदविली आहे. विजयनगरच्या काळातील माधवाचार्यांनी पराशरस्मृतीवरील आपल्या ग्रंथात मामाच्या मुलीशी होणाऱ्या विवाहाचे समर्थन केले. अर्जुनाने सुभद्रा वरली ती मामाची मुलगीच, कारण कुंती ही वसुदेवाची बहीण. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेसंबंधांचे प्रदेशवार विवेचन केले. त्यात उत्तरेकडे नात्यातील विवाह वर्ज्य, दक्षिणेकडे इष्ट, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधला, असे चित्र उभे राहते. आपण चिकोडीकर तर अगदी सांध्यावर उभे आहोत. आपल्या शेजारच्या कानडी घरात सख्ख्या बहिणीच्या मुलीशी, 'अक्कन मगळु'शी लग्न होते आणि मामा हाच जावई होतो. मराठी घरात मामाची मुलगी चालते, भाची चालत नाही. आणि गोव्याच्या आपल्या भाऊबंदांना यांतील बऱ्याच गोष्टी ऐकूनच नवल वाटते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कर्नाटकातील सुमारे पाव हिस्सा विवाह नात्यातील होते.

आता कायदा. सगोत्र विवाहावरील बंदी १९४६ सालच्या कायद्याने उठली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सापिंड्याची मर्यादा कमी करून बापाच्या बाजूने पाच आणि आईच्या बाजूने तीन पिढ्या अशी ठेवली. मोजताना स्वतःला पहिली पिढी धरावयाचे आणि समान पूर्वज दोघांच्याही मर्यादेत असावा लागतो. प्रस्थापित रूढी असेल तर तिला मुभा आहे. रूढी नसताना या मर्यादेतील विवाह रद्दबातल ठरतो. ही तरतूद घटनाबाह्य ठरवावी म्हणून केलेली मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये फेटाळली. आमचा पूर्वज माझ्या बाजूने पाचवा, म्हणजे मर्यादेत. पण तिच्या बाजूने आईकडून पाचवा, म्हणजे तीनांच्या पलीकडे. तेव्हा कायद्याने आमचा विवाह निर्दोष आहे. गोव्यात हा कायदा लागू नाही, तेथे पोर्तुगीज काळचा १९१० सालचा विवाहविषयक कायदा चालतो. एकच घराणे, दोन बाजूंना दोन कायदे!

तिसरा प्रश्न मुलाबाळांच्या प्रकृतीचा. याविषयी मी एका डॉक्टर नातलगाकडून समजून घेतले. चुलत, मावस, आते-मामे भावंडांच्या संततीत, आईबापांकडून मिळणारा गुणसूत्रावरील एखादा अंश एकाच पूर्वजाकडून दोन्ही वाटांनी आलेला असण्याचा संभव सोळांत एक असतो. मामा-भाचीच्या संततीत तो आठांत एक. आमच्यासारख्या तिसऱ्या पिढीच्या भावंडांत तो २५६ मध्ये एक. कोणत्याही जोडप्याच्या शंभर मुलांपैकी दोन-तीन मुलांत जन्मजात गंभीर दोष आढळतोच. सख्ख्या आते-मामे भावंडांत हे प्रमाण साधारण दुप्पट होते. आमच्या नात्यात ते इतरांसारखेच राहते, म्हटले तरी चालेल. चार्ल्स डार्विन याने १८३९ साली आपली मामेबहीण एमा वेजवूड हिच्याशी विवाह केला आणि पुढे मुलांच्या प्रकृतीची काळजी वाहिली. त्याच्या जॉर्ज नावाच्या मुलाने १८७५ साली इंग्लंडातील अशा विवाहांचा अभ्यास केला. घरातील शंका अभ्यासाने सोडविण्याची ही रीत मला अनुकरणीय वाटते.

आता एक साधे गणित. १५६० पासून आजपर्यंत पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर सुमारे अठरा पिढ्या होतात. अठरा पिढ्या मागे गेले की प्रत्येकाच्या वंशावळीत २,६२,१४४ खण होतात. आपल्या देवस्थानाची महाजन कुटुंबे किती? काही शेकडा. ती आपसांत आणि मोजक्या सोयऱ्यांत विवाह करीत आली. मग ते अडीच लाखांवर खण भरावयास माणसे आणणार कोठून? तीच माणसे पुन्हा पुन्हा खणांत येणार. याचा अर्थ असा की, या मंडपात बसलेले बहुतेक नवराबायको कोणत्या ना कोणत्या पिढीत एकमेकांची भावंडे आहेत. फरक इतकाच की, मला माझा पूर्वज नावानिशी सापडला आणि आपणांस अजून सापडला नाही.

बंधुभगिनींनो, येथवर ज्ञानाची गोष्ट झाली. आता अपराधाची.

मला हे सापडले तेव्हा आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या आप्तांना मी ते दाखविले. त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अरे, आता साठी उलटल्यावर हे उगाळून काय मिळणार? लोक काय म्हणतील? चौतिसावा खण कोरा सोड. नाव मिळाले नाही म्हणून लिही." मी नोंदणीच्या कामात सारा जन्म घालविला; मिळालेली नोंद मिळाली नाही असे कधी लिहिले नव्हते. तरी त्या दिवशी वडिलांच्या शब्दाला मान देऊन मी तो खण कोरा सोडला आणि कागद कपाटात ठेवला.

त्यानंतर काही महिन्यांनी आपल्याच समाजातील एका मुलीचे लग्न ठरत होते. कोणाचे, ते मी सांगणार नाही आणि आपणही अंदाज बांधू नये. मुलाकडील मंडळी माझ्याकडे आली आणि वंशावळीत दोन्ही घरांचे काही नाते लागते का, असे विचारले. मी कागद पाहिले. नाते होते, पण आमच्यापेक्षाही एक पिढी दूरचे. कायद्याची बाधा नव्हती, प्रकृतीची नव्हती. मी खरे ते सांगितले आणि यात काही वावगे नाही, असेही म्हटले. परंतु दुसऱ्याला निर्धास्त करावयाचे तर आपला अनुभव पुढे ठेवावा लागतो, आणि माझा अनुभव कपाटात होता. 'आमचे स्वतःचे नाते यापेक्षा जवळचे आहे आणि चाळीस वर्षे आम्ही सुखाने संसार केला,' हे एक वाक्य मी बोललो नाही.

आठवड्याने ते लग्न मोडले. मोडण्याचे कारण म्हणून माझ्या वंशावळीचे नाव गावभर झाले. पुढे समजले की, खरी कारणे वेगळी होती, देण्याघेण्याची होती. वंशावळ हे केवळ निमित्त. पण त्या मुलीच्या वाट्याला 'नात्यातले स्थळ पाहिले' असे बोल आले. तिच्या आजी माझ्याकडे येऊन एवढेच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही आमच्या नातीचं नाव वहीत लिहिलंत तेव्हा बरं वाटलं होतं. आता पुसता येईल का ते?" याचे उत्तर मजजवळ नव्हते. आजही नाही.

त्या दिवशी घरी आलो, कपाटातून कागद काढला आणि चौतिसाव्या खणात आमच्या पणजीच्या वडिलांचे नाव शाईने लिहिले. आज जे बोलत आहे ते सौभाग्यवतींच्या संमतीने बोलत आहे. ती पुढील रांगेत बसलेली आहे. ज्या वडिलांनी मला खण कोरा सोडावयास सांगितले, त्यांनीही येथे येण्याची कृपा केली आहे, आणि त्यांचे मन दुखावले असेल तर मी सर्वांसमक्ष त्यांची क्षमा मागतो. परंतु तो खण आता कोरा होणार नाही.

या अनुभवावरून समितीपुढे चार नम्र सूचना ठेवतो.

पहिली : महाजनांची हक्काची यादी नियमाप्रमाणे जशी आहे तशी असो, परंतु तिच्या जोडीला नात्याची एक वेगळी वही समितीने ठेवावी. तिच्यात प्रत्येक मुलीचे माहेरचे नाव, सासरचे घर आणि तिची मुले यांची नोंद व्हावी. घरात येणाऱ्या सुनेच्या आईचे माहेरही लिहावे. 'कन्या तीन' असे पुन्हा कोणी लिहू नये.

दुसरी : ही वही विवाह जुळविण्यास साह्यभूत व्हावी, मोडण्यास नव्हे. जवळचे, म्हणजे कायद्याच्या मर्यादेतील नाते निघाले तर ते वेळीच, शांतपणे, दोन घरांतच सांगावे. दूरचे निघाले तर त्याचा गवगवा करू नये. ज्याने वही पाहिली, त्याने तिचा बाजारात उपयोग करावयाचा नाही, हा नियम देवासमोर घ्यावा.

तिसरी : रक्ताच्या बाबतीत भीतीपेक्षा तपासणी बरी. थॅलेसेमियासारख्या विकाराचे वाहक दिसावयास निरोगी असतात. वधू आणि वर दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक असतो. हे रक्ताच्या तपासणीने आधी कळते. नाते असो वा नसो, पत्रिकेबरोबर हीही चौकशी दोन्ही घरांनी समजुतीने करावी. मामा-भाची किंवा सख्खी आते-मामे भावंडे यांचे लग्न ठरत असेल तर डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

चौथी : घरोघरच्या पक्षाच्या वह्या आणि जुने कागद यांच्या प्रती समितीकडे जमा कराव्यात. मूळ वही घरीच राहू द्यावी, कारण ती वाचण्याचा पहिला अधिकार त्या घराचा आहे. मोडी वाचणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. जी आहेत, त्यांच्याकडून वाचन करून घेण्यास विलंब नको.

शेवटी एकच सांगतो. आपण दरवर्षी जत्रेत एकमेकांना भेटतो, नमस्कार करतो आणि 'आपण कोणाचे?' असे विचारतो. तो प्रश्न विचारताना आपल्याला बापाचे नाव अपेक्षित असते. येत्या वर्षापासून त्याच्या पुढे आणखी एक प्रश्न विचारा : 'आपली आजी कोणाची?' उत्तर ऐकून समोरचा परका माणूस कदाचित आपला निघेल. आणि घरी बायकोशी बोलताना तोच प्रश्न विचारलात तर ती कदाचित आपल्या पणजीच्या माहेरची निघेल. तसे झाले तर घाबरू नका. आमच्या घरी त्या दिवशी फणसाची भाजी झाली होती, एवढेच सांगतो.

तीन राज्यांत पांगलेल्या आपणां सर्वांस एका देवाने एकत्र धरून ठेवले आहे. त्याच्याच कृपेने आपल्या वंशावळीतील कोरे खण भरोत, त्यांत आपल्या लेकीसुनांची नावे दिसोत, आणि त्या नावांमुळे कोणाच्याही डोळ्यांत पाणी न येवो, अशी श्रींच्या चरणी प्रार्थना आहे.